पहिला धडा फुकट

सोमवार, ४ मार्च

ही डायरी फुकटची आहे म्हणून लिहिते आहे. सूनबाई ज्या औषधांच्या मोठ्या दुकानात बिलं करते तिथे आता मशीन बसणार. गिऱ्हाइकाने आपलं आपण बिल करायचं आणि आपलं आपण पिशवीत भरायचं. तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका, आणि हातात ही डायरी ठेवली. वर सोनेरी अक्षरांत शुभेच्छा. तिने घरी येऊन ती रद्दीवर आपटली, मी उचलली. कोरं कापड आणि कोरा कागद मला टाकवत नाही.

चौथीत शाळा सुटल्यापासून मी गिऱ्हाइकांच्या मापांखेरीज काही लिहिलेलं नाही. त्यामुळे वळण चुकलं तर डायरीने सांभाळून घ्यावं, तिलाही फुकटच मिळाले आहे मी.

घरची माणसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझी मलाच ओळख राहील. पुढच्या खोलीत माझं अल्टरचं दुकान: पँट आखूड करणे, चेन बदलणे, कंबर सैल करणे. मागच्या दोन खोल्यांत मी आणि सूनबाई. नात लांब होस्टेलात राहून नर्सिंग शिकते. मुलगा होता, तो दुसरीकडे संसार थाटून बसला. त्याची बॅग मीच दारात ठेवली आणि सून ठेवून घेतली. लोक म्हणाले, उलटं केलंत. म्हटलं, कापडाची उलटी बाजूच कधीकधी जास्त टिकते.

बुधवार, ६ मार्च

सूनबाई कोडिंग शिकायचं म्हणते. म्हटलं, ते काय असतं?

"कॉम्प्युटरला काय करायचं ते लिहून सांगायचं. सांगितलं तेवढंच तो करतो."

म्हटलं, सांगितलेलं ऐकणारा या घराला नवीनच.

क्लासची फी ऐकली आणि सुई बोटात गेली. तिचा शेवटचा पगार बहुतेक सगळा त्यातच जाणार. मी काही बोलायच्या आत नातीचा फोन आला, स्पीकरवर.

"आई, पैसे कशाला घालवतेस? सगळं नेटवर फुकट पडलंय."

"पडलंय ना," सूनबाई म्हणाली, "खडीपण रस्त्यावर पडलेली असते. तेवढ्यावर घर बांधलंय का कुणी?"

"अगं पण तेच शिकवतात तिथेही."

"तेच असेल. पण फुकटच्याला कुणी विचारायला येत नाही, झालं का म्हणून. पैसे भरले की मी जाईन. माझी मला खात्री नाही."

मी म्हटलं, त्यात काय, मी विचारीन की रोज, झालं का.

"तुम्हाला कसं कळणार आई, झालं की नाही ते?"

तिने काही टोचून म्हटलं नाही. खरं तेच म्हटलं. म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, मग मीच शिकते. फुकटात. चौथीपर्यंत शिकलेल्या म्हातारीला फुकटात आलं तर तू फी भरायची नाहीस.

फोनमधून नात इतकी हसली की तिच्या खोलीतल्या पोरी विचारायला लागल्या काय झालं. सूनबाई हसली नाही. "तुम्ही शिका," म्हणाली, "मी फी उद्या भरते. जागा संपतात."

क्लासचा कागद बघितला. एक मुलगी बॅग घेऊन हसत निघाली आहे, खाली लिहिलंय, मोठ्या शहरात नोकरी. बॅग अगदीच फुसकी. ती चेन दोन महिन्यांत जाणार.

शनिवार, ९ मार्च

आलं मला कोडिंग.

नातीचा जुना लॅपटॉप घरात होता. त्यावर नेटवरच्या व्हिडिओतला फुकटचा मास्तर लावला. तरुण आहे, दर वाक्याला "ओके?" म्हणतो आणि उत्तराची वाट बघत नाही. त्याने लिहिलं तसं एक-एक अक्षर शोधून लिहिलं. दोन पँट आखूड झाल्या असत्या एवढा वेळ गेला. शेवटी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर आलं: नमस्कार.

मीही नमस्कार केला. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं.

संध्याकाळी सूनबाईला दाखवलं. "छान," म्हणाली. तिला तर क्लासमध्ये पहिल्या दिवशी नुसतं रजिस्टर करायला लावलंय. म्हटलं, बघ. फुकट ते पौष्टिक.

रविवार, १० मार्च

दुसरा धडा लावला. मास्तर म्हणाला डावीकडचं हिरवं बटण दाबा. माझ्याकडे डावीकडे बटण नाही. उजवीकडेही नाही. हिरवं तर कुठेच नाही.

मंगळवार, १२ मार्च

व्हिडिओच्या खाली लोक लिहितात ते वाचलं. पुष्कळ जण तेच विचारतात, हिरवं बटण कुठे आहे. तीन वर्षांपूर्वीचं कुणीतरी विचारतंय, मागच्या आठवड्यातलंही विचारतंय. उत्तर कुणालाच नाही. सगळे आपले हिरव्या बटणाच्या दारात उभे. मला जरा बरं वाटलं, एवढी शिकलेली माणसंही माझ्याबरोबर रांगेत आहेत.

मग मास्तर बदलला. दुसरा मास्तर वेगळंच कोडिंग शिकवतो. त्याचा पहिला धडा केला. नमस्कार.

सोमवार, १८ मार्च

खरं लिहिते, ही डायरी कुणी वाचणार नाही. मी आठवडाभर पहिलेच धडे करते आहे. एक मास्तर उचकी लागल्यासारखा बोलतो, एक कुजबुजतो, एक बाई आहेत त्या दर मिनिटाला त्यांचं चॅनल आवडून घ्या म्हणतात. एकाचा दुसरा धडा बरा निघाला, तर मध्येच म्हणाला, पुढचं शिकायचं असेल तर इथे पैसे भरा. म्हणजे दुकानात शिरेपर्यंत फुकट, बाहेर पडताना बिल.

दुसऱ्या धड्यात अडलं की मी नवीन मास्तर शोधते आणि पहिल्या धड्यात माझ्याइतकी हुशार कोणी नाही. कॉम्प्युटरने या आठवड्यात मला जेवढे नमस्कार केले तेवढे माझ्या पोटच्या पोराने आयुष्यात केले नाहीत.

सूनबाई रोज विचारत नाही काही. मीच विचारते, "झालं का तुझं?" ती सांगते काय झालं ते. मला कळत नाही. मी "हं" म्हणते आणि एक तरी शंका काढते, नाहीतर कळेल की कळलं नाही. मग तिला पुन्हा सोपं करून सांगावं लागतं. तिचा किती वेळ जातो माझ्यापायी.

बुधवार, २० मार्च

ती आंघोळीला गेली तेव्हा तिच्या क्लासचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. एक दाढीवाला शिकवतो. आणि काय शिकवतो? नमस्कार. तोच, अगदी तस्सा. फरक एवढाच की याचा नमस्कार एसीत.

क्लासच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे, पंधरा दिवसांत नापसंत पडल्यास फी परत. मुदत उद्या संपते. सूनबाईने ते वाचलेलं दिसत नाही. मी वाचलं. जवळचा चष्मा लावून वाचलं.

गुरुवार, २१ मार्च

तिला न सांगता क्लासला गेले. ठरवूनच गेले होते: फी परत मागायची आणि दाढीवाल्याला चार शब्द सुनावायचे. वाटेत शब्दही जमवले. चांगले होते, वाया गेले.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. वर गेले तेव्हा दम लागला म्हणून दारापाशी उभी राहिले. दाराला वर काच आहे. आत रांगेने टेबलं, बरीच पोरं तिच्या निम्म्या वयाची. सूनबाई पुढच्या रांगेत. तिने हात वर केला. दाढीवाला तिच्या टेबलापाशी आला, वाकून पडदा बघितला, काही बोलला. तिने मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा काहीतरी विचारलं. तो पुन्हा वाकला. मग तिने काही दाबलं आणि हसली. शेजारची पोरगी तिच्या पडद्यात डोकावली, तर ती तिला समजावून सांगायला लागली, बोट लावून.

त्या औषधांच्या दुकानात मी कित्येकदा गेले आहे. काउंटरवर ती हसायची नाही असं नाही. पण ते पगारात धरलेलं हसू होतं.

बाहेरच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "आजी, काय काम होतं?"

म्हटलं, पाणी मिळेल का.

पाणी प्यायले आणि परत आले. चप्पल चावत होती, भांडायला पायात जोर हवा. मुदत संपली. गेले पैसे.

शुक्रवार, २२ मार्च

सूनबाई म्हणाली, "आई, क्लासच्या इमारतीत काल तुमच्यासारखी कोणी दिसली."

म्हटलं, म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

सोमवार, २९ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. शाळेच्या कपड्यांचा हंगाम. शिवाय माझ्या शिक्षणाविषयी लिहिण्यासारखं काही नाही. आणखी दोन मास्तरांचे पहिले धडे झाले.

सूनबाई दुपारी मशीनच्या बाजूला स्टूल ओढून बसते आणि शिकलेलं करते. आतल्या खोलीत टेबल आहे, पण म्हणते इथे उजेड चांगला. उजेड काही खास नाही. मी शिवता शिवता विचारते, झालं का. ती म्हणते, अजून नाही. मग मी म्हणते, एवढ्यात मी दोन पँट केल्या. मग ती दात ओठ खाऊन करते. अडली की क्लासला निरोप पाठवते, दाढीवाला उत्तर देतो. त्यापेक्षा जास्त अडली की नात फुकटचं काहीतरी शोधून देते. म्हणजे फुकट विरुद्ध विकत हे भांडण फक्त माझ्याच डोक्यात चालू आहे. तिच्याकडे दोघंही राबतात.

शनिवार, ११ मे

क्लासने शेवटचं काम दिलंय. एखाद्या खऱ्या दुकानासाठी वेबपेज करायचं, गिऱ्हाइकाने घरबसल्या ऑर्डर द्यावी असं. त्या कामावर पुढच्या नोकऱ्यांच्या मुलाखती ठरणार. सूनबाईने आमचंच दुकान घेतलं. कपडा कुठला, काय करायचं, कंबर, लांबी, कधी हवं. आज झालं म्हणून मला दाखवलं.

"भरून बघा आई. तुम्ही गिऱ्हाईक आहात असं समजा."

मला कोणीही कधी गिऱ्हाईक म्हटलं नव्हतं. ऐटीत बसले. बँकेतला जाड्या येतो ना, त्याच्यासारखं भरावं म्हटलं. कंबरेच्या चौकटीत लिहिलं: मागच्यासारखीच, पण दोन बोटं सैल.

बटण दाबलं. सगळं पान पांढरं झालं आणि लाल अक्षरांचा सडा पडला.

"आई, तिथे आकडा लिहायचा."

"जाड्या कधी आकडा सांगतो का? त्याला आकडा सांगायची लाज वाटते म्हणून तर तो बोटं सांगतो."

"असं कोण लिहितं पण?"

"गिऱ्हाईक."

तिने लॅपटॉप मिटला. थोडा जोरात. मी तिचं तीन दिवसांचं काम एका ओळीत मोडलं. पहिल्या धड्यापुढे न गेलेल्या बाईच्या हातात लॅपटॉप द्यावा कशाला.

सोमवार, १३ मे

तिने दुरुस्त केलं. मी पुन्हा मोडलं. यावेळी मुद्दाम नाही. बटण दाबून काही हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, शेजारणीची बेल दाबते तशी. एका पँटच्या ढीगभर ऑर्डरी गेल्या.

दुपारी तारखेच्या जागी "काल" भरलं. शाळेचे कपडे न्यायला येणाऱ्या आया असंच म्हणतात, कधी हवंय विचारलं की, "कालच हवं होतं हो." मोडलं.

"तुम्ही कुठल्या मास्तरांकडे शिकलात हे?" सूनबाई म्हणाली.

"फुकटच्या."

गुरुवार, २३ मे

आता नियमच झालाय. ती बांधते, मी मोडते. आज म्हटलं, तुझा कॉम्प्युटर चुकल्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत खेकसतो, ते बरं नाही. गिऱ्हाइकावर खेकसायचा हक्क या दुकानात फक्त माझा आहे. ती म्हणाली, मग तुम्ही काय म्हणाल ते सांगा. मी सांगितलं, तिने घातलं. आता बोटं लिहिली की पान म्हणतं: कंबर आकड्यात लिहा. बोटांचं दुकानात आलात की बघू.

मंगळवार, ११ जून

मुलाखत. मोठ्या शहरात, जाऊन येऊन सगळा दिवस. मी तिचा कोट कंबरेत घेतला, तिचं वजन उतरलंय. दिवसभर दोन पँटच्या कंबरा उलट्या जोडल्या आणि उसवत बसले.

संध्याकाळी आली, चप्पल काढायच्या आत सांगायला लागली. दुकानांसाठी अशी वेबपेजं करून देणारी कंपनी आहे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी प्रत्येकाचं पान उघडलं आणि काही न विचारता त्यात वाट्टेल ते भरलं. कुणाचं कुठे फुटलं, कुणाचं कुठे. एका पोराचं फार देखणं होतं म्हणे, चित्रं हलत होती, ते पहिल्याच चौकटीला गेलं. हिचं पान उघडून बाईंनी कंबरेच्या चौकटीत लिहिलं, "जाडी आहे."

"मग?"

"मग ते आलं, बोटांचं दुकानात आलात की बघू. त्या इतक्या हसल्या आई. मग बटण पुन्हा पुन्हा दाबलं. ऑर्डर एकच गेली. म्हणाल्या, हे असं भरणारं गिऱ्हाईक तुम्हाला कुठे भेटलं? मी म्हटलं, घरात आहे."

बायकोला, पोराला, नवऱ्याला कुणी ना कुणी कधी चारचौघांत चांगलं म्हणतं. मला सासूपणात मिळालं ते हे, की माझा वेडेपणा उपयोगी पडला.

सोमवार, १७ जून

मिळाली. पहिलं वर्षभर तिथेच राहून काम, मग बघू म्हणाले. पगार औषधांच्या दुकानापेक्षा बरा.

बुधवार, १९ जून

दोन दिवस तिने होकार कळवला नव्हता. आज भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी नाही म्हणून कळवते."

"का?"

"इथे बघते काहीतरी. तुमचे गुडघे, दुकान, पाणी भरणं..."

"मी कधी म्हटलं गुडघे दुखतात?"

"क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर चढून आलात त्या दिवसानंतर आठवडाभर लंगडत होतात."

म्हणजे तिला माहीत होतं. या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं कळतं.

"चला मग तुम्हीपण," ती म्हणाली.

"आणि बँकेतल्या जाड्याची कंबर कोण सोडणार?"

"मग मी जात नाही."

मला राग आला. इतका की हातातलं फडकं पिळायचं सोडून तिच्यावर उगारलं. म्हटलं, फी भरलीस ना? घसघशीत भरलीस ना? या घरात पैसे वाया घालवायची पद्धत नाही. फुकट शिकली असतीस तर बस म्हटलं असतं घरी, गेला तर वेळच गेला. पण विकत घेतलेली वस्तू वापरायची. फाटेपर्यंत.

ती म्हणाली, "तुम्हीच तर भरू नको म्हणत होतात."

म्हटलं, माझी मुदत संपली, पंधरा दिवसांची होती.

शुक्रवार, २८ जून

बॅग बघितली तिची. चेन गेलेली. मी सांगितलंच होतं असल्या बॅगांचं. जुनी उसवून जाड पितळी चेन घातली, दुहेरी टाके. ती म्हणाली, एवढी मजबूत कशाला, एकदाच तर जायचंय. म्हटलं, जायचं एकदा असेल, दर शनिवारी यायचंय.

"दर शनिवारी?"

"मग काय. चेन चांगली आहे, वापरली पाहिजे."

सोमवार, १ जुलै

गेली.

एक झगा, उसवलेली शिवण. दोन पँट.

गुरुवार, ४ जुलै

स्टुलावर कपड्यांचा ढीग ठेवला होता, उचलून परत खाली ठेवला. बसायची जागा अडते. बसायला कोणी नाही ही गोष्ट वेगळी.

पँट झाल्यावर तोंडातून निघालं, "झालं का?" मशीनच काय ते होतं समोर.

मंगळवार, ९ जुलै

दुपारी फोन. सूनबाई.

"आई, आपल्या दुकानाच्या पानावर आज एकदम खूप ऑर्डरी आल्यात. मला इथे फोनवर टिंगटिंग वाजतं प्रत्येकाला."

"चांगलंय की. धंदा वाढला."

"सगळ्यांनी 'काय करायचं'च्या चौकटीत लिहिलंय, दोन बोटं सैल."

मी सुई ओवायला घेतली.

"आणि त्याच्याच पुढे, कालच हवं होतं."

म्हटलं, तपासत होते. कुठे मोडतंय का बघायला नको? तू तिथे, मग इथे कोण बघणार?

"बरं केलंत," ती म्हणाली. तिथे मागे बरीच माणसं बोलत होती. मग तिने विचारलं, "तुमचा दुसरा धडा झाला का?"

"कुठला?"

"कुठलाही. फुकटचा. झाला का?"

म्हटलं, झाला.

"काय होतं त्यात?"

म्हटलं, आता गिऱ्हाईक आलंय, ठेव.

"बरं. उद्या विचारते," म्हणाली. ती सोडायची नाही, विचारणार ती. पुढच्या रांगेत बसणारी बाई आहे.

गिऱ्हाईक कोणी नव्हतं. स्टूल ओढलं, लॅपटॉप उघडला. पहिला तो "ओके" वाला मास्तरच लावला, त्याच्यावर माझा राग नाही. दुसरा धडा. हिरवं बटण अजूनही नाही. पण हिरवं बटण शोधणाऱ्यांच्या रांगेत आता एक जण म्हणतोय, वरती कोपऱ्यात बघा, तीन रेघा आहेत, त्यात लपलंय.

होतं.